वाळू तापली की सगळ्या माद्याच? सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी आणि तापमान

कुतूहल
मंडळी, एक विचारायचं होतं. कासवाच्या अंड्यातून नर निघणार का मादी हे वाळू किती तापलीय त्यावर ठरतं एवढं माहीत होतं, पण नुकतंच वाचलं की ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेली हिरवी कासवं तपासली तर अजून वयात न आलेल्यांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. शंभरात एखादाच नर! तेव्हापासून हे डोक्यातून जातच नाहीये.

तर मुळात तापमान अंड्याच्या आत नेमकं करतं काय, आपल्यासारखे एक्स वाय नसतात का त्यांच्यात? आणि हे सगळ्याच सरपटणाऱ्या प्राण्यांत असंच असतं का, साप, सरडे, मगरी सगळ्यांत? आणि वाळू तापतेय तर मादी जरा खोल खड्डा का नाही खणत किंवा झाडाखाली जाऊन अंडी का नाही घालत?

घरी यावरून वाद झाला, भाऊ म्हणतो की कासवं मगरी डायनासोर गेले तरी टिकल्या, याच्याहून गरम जग बघून आल्यात, त्यांची काळजी करायचं कारण नाही. मला हे पटत नाही पण उत्तर देता येईना. ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, मोठं झालं तरी चालेल.

मातीवाला
आधी एक्स वायचं सांगतो. सगळ्या मगरी आणि बहुतेक कासवं यांच्यात लिंग ठरवणारे वेगळे क्रोमोसोम नसतातच. अंडं बाहेर येतं तेव्हा आतला गर्भ नरही नसतो आणि मादीही नसतो, दोन्ही वाटा उघड्या असतात. उबवणीच्या काळाचे तीन भाग केले तर मधल्या भागात जे तापमान मिळतं त्यावर वाट ठरते, त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या गरमीने लिंग फारसं बदलत नाही. हे पहिल्यांदा दाखवलं मॅडलिन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने १९६६ मध्ये, सेनेगलमध्ये, आणि तेही कासवावर नाही तर अगामा जातीच्या सरड्यावर. तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही, नंतर कासवं आणि मगरींत तेच दिसायला लागलं तेव्हा लोक जागे झाले.

आत काय होतं ते आता बरंचसं कळलंय. अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. कासवात गरम बाजूला हे एन्झाइम जोरात चालतं, इस्ट्रोजेन वाढतं आणि अंडाशय तयार होतो. पण अरोमाटेजला तरी कोण सांगतं की गरम आहे, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचा एक मोठा दुवा २०१८ मध्ये सापडला. लाल कानाच्या कासवात २६ अंशाला नर आणि ३२ अंशाला मादी होते. तिथे केडीएम६बी नावाचं जनुक गार तापमानात जास्त चालतं आणि ते वृषण तयार करणाऱ्या जनुकावरचं कुलूप काढतं. संशोधकांनी २६ अंशावरच्या अंड्यांत हे एक जनुक दाबून टाकलं तर बहुतेक गर्भ गार असूनही मादीच्या वाटेला गेले. म्हणजे तापमानाचा निरोप थेट जनुकांच्या चालू-बंद होण्यापर्यंत पोचतो. मला स्वतःला हे सगळ्यात सुंदर वाटतं या विषयात, बाहेरची ऊन-सावली आतल्या डीएनएला जाऊन भिडते.

आता सगळ्यांत असंच का, तर नाही. आणि इथे लोक फार घोळ घालतात म्हणून नीट लिहितो. समुद्री कासवांत गार म्हणजे नर, गरम म्हणजे मादी, आणि साधारण २९ अंशाच्या आसपास निम्मे निम्मे निघतात. मगरींत मात्र कमी तापमानाला मादी, मधे नर आणि फार गरम झालं की परत मादी. अमेरिकन ॲलिगेटरमध्ये ३० च्या आसपास माद्या, ३३ च्या आसपास नर आणि ३५ कडे सरकलं की पुन्हा माद्यांचं प्रमाण वाढतं. आणि न्यूझीलंडमधला टुआटारा (सरड्यासारखा दिसणारा प्राणी) तर पूर्ण उलटा, तिथे गरम म्हणजे नर, आणि तेही २२ अंशाच्या वर गेलं तरी पुरतं, एवढ्या गार हवेतला प्राणी तो. नॉर्थ ब्रदर नावाच्या छोट्या बेटावर टुआटारांमध्ये आत्ताच नर माद्यांपेक्षा बरेच जास्त आहेत. त्यामुळे 'गरम झालं की सगळ्या माद्या' हे वाक्य कासवांपुरतं ठीक, सरसकट नाही.

सापांमध्ये आणि घोरपडींत क्रोमोसोमच लिंग ठरवतात. पण याचा अर्थ तापमानाचा त्यांना फरक पडत नाही असा अजिबात नाही, त्यावर कोणीतरी लिहा, मी नंतर येतो.

काठावरची
मातीवाल्यांनी लिंगाचं छान लिहिलंय. मी समुद्री कासवांच्या हॅचरीवर, म्हणजे अंडी आणून जपून उबवतात तिथे, काम करते म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण बातम्यांमध्ये नेहमी फक्त नर-मादीचं येतं आणि माझ्या मते ती भीतीची दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे अंडी मरणं.

कुतूहल, असं बघा. माद्या थोड्या जास्त असणं हे कासवांसाठी लगेच संकट नसतं, कारण मादी दरवर्षी अंडी घालायला येत नाही, दोन तीन चार वर्षांचा खंड पडतो, नर मात्र त्यापेक्षा लवकर लवकर परत येतात आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे पिल्लांमध्ये माद्या बऱ्याच जास्त असल्या तरी वीण चालू राहते. तुम्ही म्हणता त्याच अभ्यासात दक्षिणेकडच्या गार किनाऱ्यांवरची कासवं ६५ ते ६९ टक्के मादी होती, ते चालून जातं. ९९ टक्के हे मात्र नाही चालणार, पण त्याचा हिशोब लागायला वेळ लागतो कारण हिरवं कासव वयात यायला पंचवीस तीस वर्षं आणि कधी त्याहून जास्त घेतं. आज प्रौढांमध्ये जे नर फिरताहेत ते जुन्या, त्यामानाने गार वर्षांतले आहेत. त्याच अभ्यासात उत्तरेच्या प्रौढांमध्ये माद्या ८७ टक्क्यांच्या आसपास होत्या आणि वयाने लहान असलेल्यांत ९९ च्या वर, म्हणजे पिढ्यांमधला फरक दिसतोच आहे.

पण तापमान ३३-३४ अंशाच्या वर राहायला लागलं की नर काय मादी काय, पिल्लू अंड्यातच संपतं. घरटं उघडल्यावर पूर्ण वाढ झालेली पण बाहेर न आलेली पिल्लं दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ती शेवटच्या आठवड्यांत गेलेली असतात. आणि शेवटचे दिवस मुळातच जास्त गरम असतात, का तर शंभरेक अंड्यांच्या आत गर्भ मोठे झालेले असतात आणि त्यांची स्वतःची उष्णता घरट्यात साठते, बाजूच्या वाळूपेक्षा मधलं घरटं एक दोन अंश किंवा जास्तच वर जातं. त्यामुळे किनाऱ्याची वाळू ३२ ला आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

आणि जी जगतात तीही सारखी नसतात. गरम घरट्यातली पिल्लं लवकर बाहेर पडतात, पण अंगाने लहान, पोटात न वापरलेला बलक जास्त, आणि वाळूवरून चालण्यात आणि उलटं पडल्यावर सरळ होण्यात कमी पडतात. किनाऱ्यावरून पाण्यात जाईपर्यंतचा वेळ म्हणजे खेकडे आणि पक्षी यांच्या समोरून जाणं, तिथे दोन मिनिटांचा फरक म्हणजे खूप झाला. अंडी किती फुटली एवढंच मोजून आपण खुश होतो, पण पिल्लू कसं आहे हे बघायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

ओलाव्याचं पण विसरू नका. समुद्री कासवाचं, बहुतेक सरड्यांचं आणि सापांचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, कवच चामड्यासारखं मऊ असतं आणि ते मातीतलं पाणी शोषतं, अंडं चक्क फुगतं. फार कोरडं झालं तर उलट पाणी जातं आणि पिल्लू लहान निघतं. फार भिजलं तर हवा खेळत नाही आणि गर्भ गुदमरतो. पाऊस पडला की घरटं गार होतं हे चांगलं, पण भरतीचं पाणी वर येऊन घरट्यात साचलं तर सगळं घरटं जातं. समुद्र वर येतोय आणि वाळू तापतेय, दोन्ही एकदम.

पानगळ
सापांबद्दल मी लिहितो. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते हे सगळ्यांना माहीत असेल पण बर्मीज अजगर वगैरे काही जातींत ती नुसती बसत नाही, गार वाटलं की अंगाचे स्नायू थरथरवून उष्णता तयार करते आणि स्वतःला आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश वर ठेवते. १९६६ मध्ये यावर मोजमाप छापून आलंय. म्हणजे ज्याला आपण थंड रक्ताचा म्हणतो तो प्राणी अंड्यांसाठी गरम होतो, आणि एवढे दिवस जवळजवळ काही न खाता. गारठ्यात अजगराचे गर्भ नीट वाढत नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप.

दुसरं, क्रोमोसोम असले म्हणजे विषय संपला असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या बिअर्डेड ड्रॅगन सरड्यात क्रोमोसोम आहेत, नर झेड झेड आणि मादी झेड डब्ल्यू. पण ३२ अंशाच्या वर अंडी उबवली तर झेड झेड वाल्यांपैकी काही मादी होतात, आणि नुसत्या दिसायला नाही, अंडी घालतात, पिल्लं होतात. २०१५ मध्ये रानातल्या सरड्यांतही अशा माद्या सापडल्या. आता गंमत बघा, अशी मादी नेहमीच्या नराशी जुळली की पिल्लांत डब्ल्यू कुठून येणार, दोन्हीकडून झेडच. एका पिढीत क्रोमोसोमवर चालणारी पद्धत जाऊन तापमानावर चालणारी येते. हवामानाने प्राण्याची लिंग ठरवायची पद्धतच बदलून जावी हे मला तरी थक्क करणारं वाटतं.

कुतूहल
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काठावरची, तुमचं ते पहिली पायरी दुसरी पायरी एकदम पटलं. पण खोल खड्ड्याचं आणि सावलीचं राहिलंच की, आणि भावाच्या डायनासोरचं पण. आणि अजून एक, मशीनमध्ये अंडी ठेवून हवे तेवढे नर काढता येत असतील तर तसं का करत नाहीत?

मातीवाला
आलो परत. खोल खड्ड्याचं उत्तर मातीतच आहे. वरची माती दुपारी तापते, रात्री निवते. जसजसं खाली जाऊ तसतसा हा दिवसरात्रीचा चढउतार कमी होत जातो. म्हणजे खोल गेल्याने दुपारचा तडाखा टळतो, पण अख्ख्या मोसमाची सरासरी वर गेली असेल तर ती खाली पण पोचतेच. मादी चार बोटं खोल गेली तर थोडं मिळतं, सगळं नाही. आणि समुद्री कासव खड्डा मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी खणतं, पाय पोचतील तेवढंच खोल, त्याच्या पलीकडे तिची इच्छा असून उपयोग नाही.

यावर एक फार चांगला अभ्यास आहे, ऑस्ट्रेलियातल्या डोंगराळ भागातल्या तीन रेघांच्या छोट्या सरड्यावर. दहा वर्षं घरटी बघितली. हवा गरम होत गेली तशा माद्या जास्त खोल घरटी करायला लागल्या आणि मोसमात आधी अंडी घालायला लागल्या. म्हणजे त्यांनी जे करता येईल ते केलं! तरीही घरट्यांचं तापमान वाढतच गेलं, कारण दोन्ही उपायांची मर्यादा संपली. २००९ मध्ये छापून आलंय हे. 'तिला कळत असेलच ना' याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, कळतं, बदलतेही, पण हवा त्याच्यापेक्षा वेगात बदलते.

सावलीचं म्हणाल तर नदीकाठची बरीच कासवं झाडोऱ्याच्या सावलीचा हिशोब करतातच. समुद्री कासवाचा प्रश्न असा की मादी ज्या भागात जन्मली तिथेच साधारण परत येते, आणि तिथे मागे झाडं राहिली असतील तर सावली मिळणार. किनाऱ्याच्या मागची झाडी तोडून भिंती आणि दिवे लावले की तो पर्याय माणसाने काढून घेतला, हवामानाने नाही. हे मला फार लागतं. काही कासवं मात्र नवीन किनाऱ्यांवर जायला लागलीयत, भूमध्य समुद्रात लॉगरहेड कासवं पूर्वी प्रामुख्याने पूर्वेकडे अंडी घालायची, आता इटली आणि स्पेनच्या किनाऱ्यांवर घरटी वाढताहेत.

आणि वाळूच्या रंगाचं लिहायचं राहिलं. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर एक किनारा फिक्या वाळूचा आणि काही किलोमीटरवर दुसरा ज्वालामुखीच्या काळपट वाळूचा. काळी वाळू दोन अंशांहून जास्त गरम. दोन्हीकडे हिरवी कासवंच अंडी घालतात. २०१२ च्या एका अभ्यासात दोन्हीकडची अंडी गार आणि गरम तापमानात उबवून बघितली तर काळ्या वाळूवरच्या माद्यांची पिल्लं गरमीत जास्त टिकली. एकाच बेटावर, एवढ्या जवळ असून! म्हणजे उष्णता सोसायची ताकद वंशात असते आणि निवड होऊन वाढू शकते. इथून तुझ्या भावाच्या प्रश्नाकडे जाता येतं, ते पानगळ किंवा दुसरं कोणी लिहील.

जीवाश्मप्रेमी
भावाचा प्रश्न वाटतो तेवढा चुकीचा नाहीये, त्याला एकदम खोडू नका. कासवं २० कोटी वर्षांहून जुनी आहेत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले (पक्षी सोडून) तेव्हा कासवं आणि मगरी दोन्ही त्यातून निघाल्या. त्यानंतर इओसीन काळात पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच गरम होती, इतकी की कॅनडाच्या अगदी उत्तरेला एल्समेअर बेटावर, आज जिथे बर्फ असतो तिथे, ॲलिगेटरच्या जवळच्या नातेवाइकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडलेत. भाऊ इथपर्यंत शंभर टक्के बरोबर.

पण त्याला हे विचार की ते प्राणी तिथे पोचले कसे? हळूहळू सरकत, हजारो लाखो वर्षांत, पिढ्यान् पिढ्या. मधे शहरं नव्हती, धरणं नव्हती, किनाऱ्यावर भिंती नव्हत्या. असेन्शनच्या कासवांत जशी उष्णता सोसायची ताकद तयार झाली तशी ती व्हायला पिढ्या लागतात, आणि पिढी तीस वर्षांची असेल तर एका शतकात तीनच पिढ्या होतात. आणि शिवाय 'टिकल्या' हे पूर्ण गटाबद्दल आहे, प्रत्येक जातीबद्दल नाही. मगरींचे किती तरी प्रकार मधल्या काळात नाहीसे झाले, समुद्रात राहणारे, जमिनीवर धावणारे, आज त्यातलं काही शिल्लक नाही. गट वाचतो, जाती जातात, आणि आपण आज ज्या जातींबद्दल बोलतोय त्या गेल्या तर गट वाचला म्हणून समाधान मानायचं का?

सध्याचंच उदाहरण हवं असेल तर मेक्सिकोतले काटेरी सरडे बघ. १९७५ च्या सुमाराला जिथे नोंदी झाल्या होत्या अशा २०० ठिकाणी परत जाऊन बघितलं तर १२ टक्के ठिकाणचे सरडे गायब झाले होते, २०१० मध्ये छापून आलं. तिथे अंड्यांपेक्षा वेगळंच कारण निघालं, ऊन एवढं वाढलं की ऐन विणीच्या दिवसांत सरड्याला जास्त वेळ बिळात लपून बसावं लागतं आणि बाहेर हिंडून खायला तास कमी पडतात, मग मादीच्या अंगात पिल्लांसाठी ताकद उरत नाही. पिल्लं पोटात वाढवणाऱ्या जातींना तर जास्त फटका, कारण त्या मुळात गार जागांना सरावलेल्या.

काठावरची
मशीनचा प्रश्न राहिला म्हणून लिहिते. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, २६-२७ अंशाला ठेवलं की नरच निघतील. पण मी याच्या विरोधात आहे, निदान पहिला उपाय म्हणून. एक तर किती नर हवेत हा आकडा कोणीच ठरवू नये, निम्मे निम्मे ही निसर्गाची अट कधीच नव्हती, कासवांत पिल्लं माद्यांकडेच झुकलेली असतात. दुसरं म्हणजे असेन्शनसारखी सोसण्याची ताकद निवडीतून येते, सगळी अंडी आरामात उबवली तर ती निवडच थांबते.

आणि हलवताना अंडी मरतात हे लोकांना माहीतच नसतं. मादीच्या पोटात असताना ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून गर्भाची वाढ थांबलेली असते, अंडं बाहेर आलं की ती परत सुरू होते आणि साधारण दिवसभरात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की तो चिकटलेला भाग फाटतो आणि गर्भ मरतो. मगरींचं अंडं उलटं झालं तरी तसंच होतं. म्हणून हलवायचं तर पहिल्या काही तासांत, आणि वरची बाजू वरच ठेवून.

आम्ही करतो ते साधे उपाय. शक्य असेल तिथे घरटं जागेवरच ठेवायचं. हॅचरीत आणावंच लागलं तर वर जाळीची सावली, फार तापलं तर संध्याकाळी बेताने पाणी, तेही गोडं आणि वाळू चिखल होईपर्यंत नाही. सावली पूर्ण काळी नको, नाहीतर वाळू इतकी गार होते की उबवणीचे दिवस लांबतात.

कुतूहल
आमच्या इथल्या एका गटाला मी हे सांगणार आहे, ते सावली करतात पण तापमान कोणी मोजत नाही. लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र, ठेवायचं तर कुठे आणि कधी?

काठावरची
अंडी ठेवतानाच, मधोमध, निम्मी अंडी खाली गेल्यावर ठेवा आणि उरलेली वरून. नंतर उकरून ठेवायला जाऊ नका. दुसरा लॉगर घरट्यापासून मीटरभर लांब, तेवढ्याच खोलीवर, नुसत्या वाळूत. दोघांतला फरक म्हणजे अंड्यांची स्वतःची उष्णता, आणि मधल्या तिसऱ्या भागातले आकडे वेगळे काढले की नर-मादीचा अंदाज येतो. शेवटच्या तिसऱ्या भागात किती दिवस ३४ च्या वर होतं तेही लिहून ठेवा. घरटं उघडाल तेव्हा न फुटलेली अंडी नुसती मोजू नका, परवानगी असेल तर फोडून बघा की गर्भ किती वाढून मेला. अगदी सुरुवातीला मेलेले जास्त असतील तर हलवताना काहीतरी चुकतंय, पूर्ण वाढून मेलेले जास्त असतील तर आधी उष्णतेवर संशय घ्या आणि पुढच्या घरट्यांना शेवटचे तीन आठवडे जास्त सावली द्या.